दुरुस्तीवीर

नागपूरकर भोसल्यांनी 18व्या शतकाच्या अखेरीस काशीत भोसले घाट बांधला. ऊन कललं की तिथल्या पायऱ्यांवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणारा हा इसम जवळच्याच दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडच्या जुन्या मराठी वस्तीतला. घरी नेट नीट चालत नाही, असं तो सांगतो. खरं म्हणजे घरी आत्या दर तासाला विचारते, “झालं का रे तुझं?”

झालेलं नसतं. एखाद्या पायथन पॅकेजात कोणकोणती मॉड्यूल्स आहेत ते हुडकणारी त्याची स्क्रिप्ट वरवरची नावं छापते आणि थांबते. आतल्या उपपॅकेजांमधलं काहीच हाती लागत नाही, वर एररही येत नाही. मग स्वारी पायथनची आवृत्ती बदलते. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट पुसून नवं करते. जागोजाग ‘प्रिंट’ पेरते. फंक्शनला बोलावणारी ओळ तेवढी तपासत नाही, कारण ती त्यानं स्वतः लिहिलेली असते!

घोळ नेमका तिथेच. ‘पीकेजीयुटिल’मधल्या ‘वॉक_पॅकेजेस’ला त्यानं पॅकेजचा पाथ दिला, ‘प्रिफिक्स’ दिला नाही. त्यामुळे ते फंक्शन उपपॅकेजला नुसत्या पाळण्यातल्या नावानं शोधत निघतं. काशीच्या गल्लीत मोहल्ला न सांगता ‘जोशीबुवांकडे जायचंय’ म्हणण्यातलीच गत. त्या नावाचं कुणी नसलं तर इम्पोर्ट एरर येते. पण ‘ऑनएरर’ दिलेलं नसेल तर ती मुकाट गिळली जाते. कुणी असलं तर आणखी बहार. उपपॅकेजचं नाव ‘ईमेल’ असेल, तर शोध थेट पायथनच्या स्वतःच्या ‘ईमेल’मध्ये शिरतो आणि तिथलीच मॉड्यूल्स मोजत बसतो.

हे सगळं डॉक्युमेंटेशनवरून कळण्यासारखं आहे. पण ते उघडणं म्हणजे नामुष्की, अशी याची समजूत.

दिवेलागणीला तो गुपचूप ते उघडतो. पॅकेजचं नाव आणि त्यापुढे टिंब, असा प्रिफिक्स जोडतो. उत्साहाच्या भरात ‘ऑनएरर’लाही आपलं ‘नोंद’ नावाचं फंक्शन देतो, पण पुढे कंस टाकून. कंस दिसताच पायथन ते जागच्या जागी चालवतं, त्याला हवं असलेलं नाव मिळत नाही आणि टाइपएरर! याला कोण आनंद. निदान लाल अक्षरं तरी दिसली. कंस काढल्यावर आतली नावं धडाधड छापली जातात.

बदलाच्या नोंदीत तो लिहितो: ‘पायथनमधल्या दोषावर तोडगा काढला.’