शिकागोत रुमाल

आमच्या अणदूर गावात कुठल्याही शहराबद्दल मत मिळतं. त्यासाठी त्या शहरात जाऊन यावं लागत नाही. सोलापूर धुळीचं, पुणं गर्दीचं, मुंबई माणसांची नव्हेच. हा निकाल देणारा गृहस्थ हायवेवरच्या हॉटेलात चहा पीत असतो, त्याचे दोन मुलगे पुण्यात असतात आणि जावई हैदराबादेत. सणाला आलेले मुलगेही "पुण्यात काय ठेवलंय?" म्हणत शेतात हुरडा खातात आणि रविवारी रात्री ट्रॅव्हल्सला हात करायला सगळ्यांच्या आधी हायवेवर उभे राहतात.

कुठं राहायचं या प्रश्नावर आमच्याकडे स्वच्छ भूमिका एकट्या खंडोबाची. देवळं दोन, मूर्ती एकच. वर्षातले साधारण सव्वादहा महिने देव अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. मुक्काम हलताना दोन्हीकडचे मानकरी लेखी करार करतात. देवाने आजवर कुठल्या गावाला नावं ठेवल्याचं ऐकिवात नाही. आम्हा भक्तांना मात्र लेखी काही नको असतं, तोंडी मात्र सगळं असतं.

मुलगा शिकागोत नोकरीला लागला आणि हा प्रश्न आमच्या घरात शिरला. त्याला शहरातच राहायचं होतं: तिसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर, खाली रस्ता, चार पावलांवर ट्रेन. सुनेला शहराबाहेरच्या नेपरव्हिलला जायचं होतं. तिथं मराठी माणसं, घरापुढे हिरवळ आणि मुख्य म्हणजे गाडीला स्वतःचं गॅरेज. दोघं फोनवरून आपापली बाजू मांडायचे आणि मी दोघांनाही निकाल द्यायचो, अर्थात वेगवेगळा. "अहो, न बघितलेल्या गावाचं भांडण कशाला सोडवायलाव?" असं सौ. म्हणाली, तेव्हा मुलाने तिकिटंच पाठवली. जानेवारीची. ती स्वस्तात का मिळाली हे ओहेअर विमानतळाच्या दारातून बाहेर पडताच नाकाच्या शेंड्याला कळलं.

निघायच्या आधी गल्लीतला एक पालक आला. त्याच्या पोराला तिकडच्याच कॉलेजात एमएसला प्रवेश मिळाला होता. "सर, जायलाव तर नीट बघून या. राहण्याजोगं हाय का नाही, तेवढं सांगा." हे काम मी फारच मनावर घेतलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवलेल्या माणसाला शिकवण्यापेक्षा मोजण्याचा सराव जास्त असतो. जनगणना केली, मतदारयाद्या केल्या, हागणदारीमुक्तीच्या पथकात पहाटे शिट्टी घेऊन फिरलो. त्या मानाने शिकागो म्हणजे किरकोळ काम. शंभर पानी वही घेतली, पट्टीने रेघ मारली आणि दोन रकाने केले: 'बरं' आणि 'वाईट'.

पहिला जबाब मुलाचा. त्याने 'बरं'चा रकाना एकट्यानेच भरला. समुद्रासारखं मिशिगन सरोवर, खांब रोवून डोक्यावरून नेलेली ट्रेन, ११० मजल्यांचा विलिस टॉवर. तो टॉवर उभा करण्यामागचे अभियंते फझलुर खान ढाक्याचे होते, हे सांगताना त्याची छाती अशी फुगली की जणू वाळूची पाटी यानेच उचलली. इथली नदी पूर्वी सरोवरात जायची. शहराची घाण पिण्याच्या पाण्यात जाते म्हणून १९०० साली कालवा खणून ती उलटी वाहती केली. मी म्हणालो, "आमच्या नळदुर्गात आदिलशाहीत बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात महाल बांधलाय. डोक्यावरून पाणी, आत माणूस कोरडा." मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही माहिती घ्यायला आलाय की द्यायला?"

दुसरा जबाब सुनेचा. तिच्या मते इथं ऋतू दोनच, हिवाळा आणि रस्तेदुरुस्ती. सोलापूर-हैदराबाद रस्त्याचं चौपदरीकरण डोळ्यांदेखत पाहिलेल्या माणसाला यातला दुसरा ऋतू 'वाईट'मध्ये टाकणं जड गेलं, पण टाकला. मग घरपट्टी. मग पार्किंग. रस्त्यावरची पार्किंगची मीटरं महापालिकेने २००८ साली एका खासगी कंपनीला ७५ वर्षांच्या कराराने देऊन टाकली. म्हणजे माझा नातू, जो अजून जन्मालाही आला नव्हता, तोही म्हातारा होईपर्यंत त्या कंपनीला पैसे मोजणार. रकाने समसमान झाले.

डेव्हन अव्हेन्यूवर भाजी आणायला गेलो, तिथं मसाल्याच्या दुकानात टॅक्सी चालवून निवृत्त झालेले एक हैदराबादी चाचा भेटले. नळदुर्गाचं नाव काढताच गळाभेट झाली. तरुणपणी मुंबईला जाताना त्यांनी तिथं चहा घेतला होता. वही काढून मी मत विचारलं. "मियाँ, ये शहर आदमी को खा जाता. हड्डियाँ जम गईं मेरी." मी 'वाईट'मध्ये लिहिलं आणि विचारलं, "फिर वापस कब जारे?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची किडनी मागितली. "वापस? पागल हुए क्या?"

संक्रांतीला एका मराठी घरी गेलो. तिथं सत्तरच्या दशकात आलेले एक आजोबा होते. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली याच शहरात स्थापन झालं, तेव्हाच्या आठवणी ते तिळगुळासारख्या वाटत होते. मग थंडीवर आले. १९८५च्या जानेवारीत पारा उणे ३३ सेल्सिअसला गेला होता. १९७९ साली बर्फ एवढा पडला आणि महापालिकेला तो इतका आवरेना, की लोकांनी महापौर बिलँडिकना निवडणुकीत घरी बसवलं आणि जेन बर्न ही शहराची पहिली महिला महापौर झाली. टँकरची वाट पाहण्यात आमच्या पिढ्या गेल्या, पण पाण्यावरून आम्ही ग्रामपंचायतीचा सदस्यसुद्धा पाडू शकलो नाही, या विचाराने मी अंतर्मुख झालो. "पुढच्या वर्षी फ्लोरिडाला जाणार," आजोबा म्हणाले. त्यांच्या सौभाग्यवती तिळाची वडी तोडत म्हणाल्या, "हे पुढचं वर्ष रेगनच्या काळापासून यायचंय."

मिशिगन अव्हेन्यूवर आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत मुलाने दाखवली. ११ सप्टेंबर १८९३ला सर्वधर्म परिषदेत विवेकानंद तिथंच बोलले. त्यांच्या चरित्रात असं आहे की परिषदेचा पत्ता हरवला म्हणून त्याआधी एका रात्री ते रेल्वेच्या यार्डात झोपले, सकाळी दारोदार विचारत फिरले, लोकांनी दारं लावून घेतली आणि शेवटी श्रीमती हेल यांनी घरात बोलावलं. दार लावणारे शिकागोचे आणि उघडणाऱ्या बाईही शिकागोच्याच. हे कुठल्या रकान्यात घालायचं ते सुचेना, म्हणून रेघेवर लिहिलं.

आणि मग बर्फ पडला. रात्रभर पडला. सकाळी रस्त्यावरच्या गाड्या ओळीने पांढऱ्या समाध्या होऊन बसल्या होत्या. मुलगा ट्रेनने ऑफिसला गेला, सून लॅपटॉप उघडून मीटिंगला बसली आणि मी मुलाचं जाड जॅकेट घालून पाहणीला खाली उतरलो. कोपऱ्यावर पाहतो तो काय, गाडीएवढी जागा स्वच्छ झाडलेली आणि मधोमध एक खुर्ची. स्टीलचे पाय, लाल रेक्झिन, दणकट. सुनेने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की इथं लोक नको झालेलं सामान रस्त्याकडेला ठेवतात आणि ज्याला हवं तो नेतो. त्यांचं जेवणाचं टेबलही असंच आलेलं. मी भोवती पाहिलं. चिटपाखरू नाही. अशी खुर्ची सोलापुरात हजाराच्या खाली मिळाली नसती. डोक्यावर घेतली आणि तीन जिने चढलो.

गरम पाण्याने पुसून ती खिडकीशी मांडली. सौ. म्हणाली, "विचारून तरी आणली का?" मी म्हणालो, "कुणाला विचारू, बर्फाला?" आणि वही मांडीवर घेऊन ऐटीत बसलो. खाली झाडलेल्या जागेत एक निळी गाडी येऊन थांबली, तिचा मालक निघून गेला. मी 'बरं'च्या रकान्यात नोंद केली: 'पार्किंग सहज मिळते.'

थोड्या वेळाने एक जुनी गाडी आली आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. आतून माझ्याच वयाच्या एक बाई उतरल्या. त्यांनी निळ्या गाडीकडे पाहिलं. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग वर पाहिलं. वर मी होतो, त्यांच्या खुर्चीवर. परक्या मुलखात सौजन्य असावं म्हणून मी हात हलवला.

पुढचं सुनेने मीटिंग म्यूट करून निस्तरलं. दारात आलेल्या त्या बाईंचं इंग्रजी मला कळलं नाही, पण आशय सगळा कळला. त्या पोलंडहून आलेल्या घराण्यातल्या. शिकागोत पोलिश लोक पूर्वापार आहेत. भल्या पहाटे उठून त्यांनी फावड्याने ती जागा उपसली होती आणि कुणी बळकावू नये म्हणून खुर्ची ठेवून कामाला गेल्या होत्या. ही इथली रीत. तिला डिब्स म्हणतात. कायद्यात बसत नाही, पण मीटरं देऊन टाकली तेव्हाच्या महापौर डेलींनीही या रिवाजाची जाहीर पाठराखण केली होती. कुणी खुर्ची ठेवतं, कुणी इस्त्रीचं टेबल, कुणी तुटका पाळणा. आणि ती वस्तू हलवणाऱ्याला या शहरात क्षमा नाही.

हे ऐकून मी मटकन खाली बसलो, सवयीने त्याच खुर्चीत. सौ.ने दंडाला धरून उठवलं.

कारण मी काही अडाणी नव्हतो. सोलापूर स्टँडवर लाल डबा लागला की चालत्या गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात अख्ख्या तुळजापूर तालुक्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा एका पाहुण्याने माझा रुमाल झटकून बाजूला ठेवला आणि बसला. बोरामणीपर्यंत मी त्याच्याशी भांडलो, इटकळपर्यंत त्याच्या बापाचा उद्धार केला आणि नळदुर्गात त्याला उठवून उरलेल्या जेमतेम टप्प्यासाठी ताठ मानेने बसलो. एवढा रुमालाचा कट्टर अनुयायी मी, आणि शिकागोत एका बाईचा रुमाल उचलून घरी आणून धुतला होता.

सुनेने तोड काढली: नवी जागा मी उपसून द्यायची. बाई शेजारी उभं राहून फावडं कसं धरायचं ते सांगत होत्या आणि सून दुभाषी. दम खायला मिळावा म्हणून मी वहीतला प्रश्न विचारला. बाई सुटल्याच. कर भरून कंबर मोडते, महापालिका बर्फ वेळेत काढत नाही, थंडीने गुडघे गेले, दोन्ही पोरं टेक्सासला गेली आणि रोज फोन करतात की ये. "मग जाणार का?" मी विचारलं. त्यांनी उपसलेल्या जागेत खुर्ची ठेवली, हलत नाही ना ते दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "माझी जागा इथं आहे."

रात्री कंबरेला शेक घेत मी वही उघडली. मधली रेघ आता काही कामाची वाटेना. चाचा, आजोबा, सून, पोलिश बाई, सगळ्यांच्या तोंडी 'वाईट' आणि सगळ्यांचा रुमाल खिडकीतून आत. 'पार्किंग सहज मिळते' ही नोंद तेवढी खोडली.

अणदूरला आल्यावर पालकाला सांगितलं, "राहण्याजोगं काही नाही तिथं. ताबडतोब पाठव पोराला." त्याला त्यात काहीच विसंगत वाटलं नाही. त्याचे दोन भाऊ पुण्यात आहेत.

फेब्रुवारीत तिकडे पुन्हा बर्फ पडला, नेमका मुलगा टूरवर असताना. सुनेचा व्हिडिओ कॉल आला. गाल लाल, हातात फावडं, मागे झाडलेली जागा आणि त्यात मी विसरून आलेल्या मफलरने बांधलेलं इस्त्रीचं टेबल. सौ.ने विचारलं, "मग नेपरव्हिलचं घर कधी बघायलाव?"

"आई, हे शहर बेकारच आहे," सून धापा टाकत म्हणाली, "पण दीड तास उपसून जागा केलीय. आता ती सोडून कोण जातंय?"