जिन्याखालचे संस्थानिक

मुंबई-ठाण्याच्या जुन्या सोसायटीत जिन्याखाली, पाण्याच्या पंपाशेजारी, एक गृहस्थ उभे असतात. हे इस्त्रीवाले. त्यांना बसलेले कोणी पाहिलेले नाही.

‘संध्याकाळी देतो’ हे त्यांचे ब्रीद. कुठल्या संध्याकाळी, असे विचारणारा सोसायटीत नवा समजावा. पूर्वीचे परीट कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करत. यांना तेही लागत नाही. पांढऱ्या शर्टांच्या ढिगातून जोशांचा शर्ट ते नुसत्या कॉलरवरून ओळखतात. कोट आला की कोणाची मुलाखत आहे, पॅन्टची कंबर उसवून आली की कोणाचे डाएट फसले, हे घरच्यांआधी त्यांना कळते. ते सांगत मात्र नाहीत. विचारावे लागते.

2015च्या सुमारास मोबाइलवरचे धोबी अवतरले. बारकोड, ट्रॅकिंग, पहिली धुलाई फुकट! सोसायटीने चादरी, पडदे, गणपतीची सतरंजीसुद्धा धुऊन घेतली. कूपन संपले, निष्ठा संपली. अशा धोब्यांपैकी मुंबईचीच डोअरमिंट ही कंपनी 2016मध्ये बंद पडली. घरपोच किराण्याच्या पेपरटॅपनेही त्याच वर्षी तो धंदा आवरला.

हिशोब अगदी साधा होता. दोन शर्टांसाठी ॲपचा मुलगा घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून दोनदा येणार, न्यायला आणि द्यायला. पेट्रोल कशातून सुटणार? दाराला कुलूप असले तर फेरीच फुकट. आमचे गृहस्थ मुळात इमारतीतच असतात, आणि कुलूप दिसले तर गठ्ठा समोरच्या काकूंकडे ठेवतात. पैसे एक तारखेला. नाही दिले तर पाच तारखेला. अशी उधारी कुठल्या ॲपला परवडेल?

दहा मिनिटांत कोथिंबीर आणणारे टिकलेत, हे खरे. पण त्यांनाही शेवटी वस्तीतच गोदाम थाटावे लागले, म्हणजे वाण्याच्या शेजारीच येऊन बसावे लागले. फक्त वाणी ‘मुलगा कसा आहे’ विचारतो. गोदामाला पाटीसुद्धा नसते.

परवा इस्त्रीचा दर एका रुपयाने वाढला. व्हॉट्सॲप ग्रुपवर जोरदार निषेध झाला, आणि निषेध लिहिणाऱ्यांचेच गठ्ठे आधी खाली गेले.

तेव्हा सोमवारी शर्ट हवा असेल तर गुरुवारीच द्या. आणि ‘अर्जंट’ म्हणू नका. अर्जंट म्हटलेले कपडे ते सर्वांत शेवटी घेतात.