आधीच्या मालकाचा पासवर्ड

लॅमिंग्टन रोडवर जुना लॅपटॉप घेताना गिऱ्हाईक ओरखडे मोजतं, बिजागरी हलवून बघतं, माऊसची पिशवी फुकट मागतं. पासवर्ड विचारायचा असतो हे घरी आल्यावर सुचतं. मग घरातले जाणकार १२३४ पासून सुरुवात करून आधीच्या मालकाच्या संभाव्य मुलीच्या नावापर्यंत पोचतात.

विंडोज ९८ चा काळ सज्जन होता. पासवर्ड विचारला की एस्केप दाबायचं, संगणक 'बरं, या' म्हणून आत घ्यायचा. पुढच्या विंडोजने दाराला कडी घातली, तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हने ती काढणारी पोरं गल्लोगल्ली तयार झाली. आता विंडोजचा डिस्कला कुलूप घालणारा बिटलॉकर ४८ आकडी किल्ली मागतो. खरं तर डिस्क पुसून कोरं विंडोज टाकलं की काम भागतं. पण तसं केलं तर आधीच्या मालकाचे फोटो कसे बघणार?

मॅकबुकची गोष्ट वेगळी. अ‍ॅक्टिव्हेशन लॉक लागलेलं असेल, तर सगळं पुसल्यावरही ते जुन्याच मालकाचं खातं मागत बसतं. एवढी पक्षनिष्ठा हल्ली आमदारांतही सापडत नाही.

सगळ्यात मानाचा माल म्हणजे कंपनीच्या नोंदीतून न काढता विकलेला लॅपटॉप. कोरं विंडोज टाकून इंटरनेट जोडलं, की कंपनीच्या नावानिशी स्वागत होतं आणि ऑफिसचा ईमेल मागितला जातो. म्हणजे मुलाखत न देता नोकरी. पगाराचं तेवढं दुकानदाराला विचारावं. तो 'बिल दाखवा' म्हणेल, आणि बिल त्यानेच दिलेलं नसतं.