लाटणं होणार आहे

आमच्याकडे लाकूड कातायचं लेथ आहे आणि लाटणं अजून झालेलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांना याचं कारण सांगण्याचं काम कुटुंबानं स्वतःकडे घेतलंय. "यांचं लाकूड अजून बसायचंय," ती सांगते. थोरल्याचं अजून कुठं जमलं नाही, हे सांगावं त्या सुरात. ऐकणारेही "होईल हो, होईल," म्हणून चहाचा कप खाली ठेवतात.

उशीर माझ्या आळसामुळे होतोय, असा एक समज सोसायटीत पसरला आहे. लेथ घेतलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून पटाशीची घाई असते. गोल कुठली, तिरकी कुठली, धार कशी लावायची, याच्यावर तो तासन्‌तास बोलेल. लाकूड यंत्रावर धरायचं कसं, हे त्याला किरकोळ वाटतं. मला वाटत नाही, कारण मी हिशेब केलाय. २० सेंटिमीटर व्यासाचा ठोकळा मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरला, की त्याची कड ताशी जवळजवळ ३८ किलोमीटर वेगानं धावते. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर हा वेग कुणाच्या नशिबी नाही. त्यात ठोकळा आंब्याचा, साडेसात सेंटिमीटर जाड, म्हणजे दीड किलोच्या घरात. तो सुटला तर फिरण्याच्या रेषेतच बाहेर पडतो, आणि नवशिका नेमका त्या रेषेत वाकून कौतुकानं बघत असतो.

म्हणून मी मिस्त्रींकडे शिकायला जातो. पाळण्याचे दांडे आणि देव्हाऱ्याचे खांब कातण्यात त्यांचा जन्म गेला. बोलणं मोजकं, तेही यंत्राकडे बघून.

लाटण्याची चौकोनी काठी घेतली, की दोन्ही टोकांना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा मारायच्या. त्या जिथं छेदतात तो मध्य. लाकूड सागवानासारखं घट्ट असेल, तर एका टोकाला त्याच रेघांवर करवतीनं बारीक खाचा पाडायच्या. मग चार दातांचं सेंटर त्या खाचांत धरून मोगरीनं ठोकायचं. कुठं? टेबलावर. लेथवर नाही. "लेथवर ठोकलं तर मार आतल्या बेअरिंगला लागतो," मिस्त्री म्हणाले. "आणि बिल तुम्हाला." मोगरीचा दणका बसला, की दात लाकडात रुततात आणि चार स्वच्छ खुणा उमटतात. ते बघण्यासाठी मी हे काम पुन्हा पुन्हा करायला तयार आहे. घरच्यांच्या मते मी तेवढंच करतो.

पुढं सेंटर लाकडासकट लेथमध्ये बसवायचं, समोरचा सरकता टेलस्टॉक जवळ आणून त्याचं फिरतं टोक दुसऱ्या मध्यात घुसवायचं, चाक आवळायचं, कळ घट्ट करायची. पटाशी टेकवायची टूल रेस्ट लाकडापासून जेमतेम तीन मिलिमीटरवर आणायची आणि लाकूड हातानं पूर्ण फिरवून बघायचं. कोपरा कुठं टेकत नाही ना? मग कमीत कमी वेगावर, बाजूला उभं राहून बटण. थोडं फिरलं की पुन्हा बंद, कारण दाबानं लाकूड दबतं आणि पकड सैल होते. पुन्हा आवळायचं. इथपर्यंत येईतो जेवायची वेळ होते.

वाटी करायची तर प्रकरण वेगळं. ठोकळा फेसप्लेट नावाच्या चकतीवर स्क्रूनं बसवतात. शेजारचे काका त्यासाठी छताच्या बोर्डाचे काळे स्क्रू घेऊन आले, उदार मनानं. ते स्क्रू ठिसूळ असतात, आडवा झटका बसला की मान टाकतात. मी जाडजूड लाकडाचे स्क्रू वापरतो म्हटल्यावर काका म्हणाले, "अहो, मग फेव्हिकॉल लावा की!" डिंकानं ठोकळा चिकटवण्याची रीत खरोखरच आहे, पण काकांना ते सांगितलं असतं तर संध्याकाळी डबा घेऊन आले असते.

चकमध्ये, म्हणजे लेथच्या जबड्यांत, धरायचं तर ठोकळ्याला बुडाशी गोल खुंटी काढावी लागते. सगळे ती खुंटी चकच्या तळाला टेकेपर्यंत आत रेटतात आणि घट्ट बसली म्हणून समाधान मानतात. मिस्त्रींचा इथं आवाज चढतो. खुंटी तळाला टेकताच कामा नये. टेकायचा असतो तो तिच्याभोवतीचा सपाट खांदा, जबड्यांच्या तोंडाला, सगळीकडून सारखा. खांद्याखाली कागदाची घडी जात असेल, तर उतरवा आणि पुन्हा करा. आणि आवळून झालं, की चावी चकमधून काढल्याशिवाय हात सोडायचा नाही. गॅसवरचं दूध मी विसरतो, चावी विसरत नाही. यावर घरी जे बोललं जातं, ते इथं छापण्यासारखं नाही.

पूर्वीचे कारागीर जमिनीवर बसून एका हातानं कमान ओढत आणि पटाशी दुसऱ्या हातानं नि पायाच्या बोटांनी सावरत. लाकूड पुढं-मागं फिरे, कापलं जाई ते एकाच फेरीला. मोटर आली आणि आपली बोटं मोकळी झाली, म्हणून नवशिके त्यांवर हातमोजे घालतात. घालू नका. फिरत्या लाकडात मोजा अडकला, तर मागोमाग हातही जातो. मफलर, सैल बाह्या, साखळी हेही नको. कानटोपी चालेल, तिच्यावर पुणेकरांचा हक्क आहे.

तेव्हा लेथ घेणार असाल तर पटाश्यांचा चकचकीत संच नंतर घ्या. आधी तोंड झाकणारा पारदर्शक मुखवटा आणि चांगला चक घ्या. आणि नातेवाइकांना इतक्यात सांगू नका. माझ्याकडे आजच दोन पाळण्यांची आणि एका देव्हाऱ्याची मागणी पडून आहे.