तिसरी शिट्टी

आमच्या घरात फोनचं व्यसन प्रत्येकाला आहे, फक्त प्रत्येकाला ते दुसऱ्याचं दिसतं. चिरंजीव डोळे उघडायच्या आधी उशीखाली फोन चाचपतात, हे व्यसन. बायको पोळी तव्यावर टाकून पोळ्या मऊ कशा कराव्यात याचा व्हिडिओ बघते आणि तेवढ्यात तव्यावरची पोळी कडक होते, तेही व्यसनच. आई शहात्तराव्या वर्षी पहाटे पाचला उठून गुलाब, सूर्योदय आणि वाफाळता चहा अशा एकत्रित चित्रावर ‘शुभ सकाळ’ लिहून ते तीन गावांतल्या नातेवाइकांना पाठवते, तो तर रोगच. मी तेवढा कामापुरता फोन बघतो. आता काम सारखंच निघत असेल, तर त्याला मी काय करणार?

दर रविवारी सकाळी फोन आपणहून हिशेब मांडतो. एका रविवारी त्याने सांगितलं, की गेल्या आठवड्यात मी दिवसाला सरासरी पाच तास बेचाळीस मिनिटं त्याच्याकडे बघत होतो. इतका वेळ बायकोकडे बघितलं असतं, तर तिने डॉक्टरांना बोलावलं असतं.

खरं म्हणजे मी मिस्ड कॉलच्या पिढीतला माणूस. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. त्या काळात मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि वर आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे. आमच्या हातात मोबाइल आला तो बराच उशिरा, पण धाक तोच. एक रिंग म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘खाली ये’, तीन म्हणजे ‘दूध आण’. आमचा अर्धा संसार न उचललेल्या फोनवर चालला, आणि भांडणं परवडत नसल्यामुळे सुखाचा झाला. आता बोलणं जवळजवळ फुकट आहे, तर फोन केला की लोक घाबरून विचारतात, “काय झालं? सगळे बरे आहेत ना?”

आणि या फोनला तळ नाही, हा सगळा घोटाळा आहे. पेपर शेवटच्या पानावर संपतो, पुस्तक संपतं, शेंगदाण्याची पुडीसुद्धा संपते. फोनचं पान खाली सरकवत राहावं तेवढं येतच राहतं. ही सोय २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या अमेरिकन माणसाने शोधली. पुढे त्याला तिचा पश्चात्ताप झाला आणि त्याने तसं जाहीरपणे सांगितलंही. ती बातमी मी रात्री दीड वाजता अंथरुणात, पान खाली सरकवत सरकवत वाचली.

मग मी कायदा करायचं ठरवलं. कल्पना माझी नव्हे. आमच्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्या गावाने ठरवलं, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घराघरात टीव्ही आणि मोबाइल बंद, ते थेट साडेआठच्या भोंग्यापर्यंत. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. अख्खं गाव पाळतं, तर आम्ही चार माणसं का नाही?

आमच्याकडे भोंगा नव्हता, कुकर होता. सातला तिसरी शिट्टी झाली, की सगळे फोन तांदळाच्या डब्यात, असा ठराव झाला. भिजलेला फोन तांदळात ठेवतात हे ऐकलं होतं, कोरडे फोन ठेवायचा मान आमचा. डबा आजीच्या काळातला, पितळी. त्याचं झाकण इतकं घट्ट, की निघताना सगळ्या मजल्याला कळतं. म्हणजे चोरी करायची सोय नाही.

पहिल्या दिवशी आम्ही चौघं एकमेकांसमोर बसलो. मुलगी बघायला आल्यासारखी शांतता. “बाकी काय?” मी विचारलं. “बाकी काही नाही,” बायको म्हणाली. माझ्या मांडीपाशी थरथर झाली, मी झडप घालून खिशात हात घातला, तर रुमाल निघाला. थोड्या वेळाने डब्यातले तांदूळ खरोखरच गुरगुरले. चौघांची रिंगटोन एकच, कंपनीने दिलेली. फोन आपल्यालाच आलाय, असं चौघांनाही वाटलं. आई तर म्हणाली, “धाकट्या मावशीचं काही बरंवाईट तर नाही ना?” तेवढ्यासाठी डबा उघडला. एक बाई मला कर्ज द्यायला तयार होती.

मग मुख्य अडचण लक्षात आली. साडेआठ वाजले हे कळणार कसं? भिंतीवरचं घड्याळ पावणेचारला थांबलेलं. त्यातला सेल कधीतरी रिमोटमध्ये गेला होता, आणि ही गोष्ट दोन वर्षांत कुणाच्या लक्षात आली नव्हती. मनगटावरचं घड्याळ मी केव्हाच सोडलंय, कारण वेळ फोनवर दिसते. (दिसते कसली! वेळ बघायला फोन काढतो, अर्ध्या तासाने परत खिशात ठेवतो, आणि कुणी विचारलं किती वाजले, तर पुन्हा काढतो.)

सुटका भिंतीपलीकडून झाली. शेजारच्या नानांना कमी ऐकू येतं. त्यांच्याकडे आठच्या मालिकेचं शीर्षकगीत लागलं, की आमच्या सोफ्यालाही ते जाणवतं. ती मालिका संपून पुढचीचा शंख वाजला, की साडेआठ. अशा रीतीने आमची फोनबंदी नानांच्या टीव्हीवर सुरळीत चालू झाली.

तिसऱ्या दिवसापासून मेंढीकोट सुरू झाला. आई पत्त्यांत लबाडी करते, हे मला या वयात कळलं. चौकटची दश्शी पदराखाली सापडली, तेव्हा म्हणाली, “पडली असेल बाई.” माझंही बिंग त्याच आठवड्यात फुटलं. सलग तीन संध्याकाळी माझं पोट बिघडलं होतं. कपाटातला काच तडकलेला जुना फोन संडासात अजून चालतो, हे मी कुणाला बोललो नव्हतो. पण डबा उघडल्यावर आईने चष्मा लावला, फोन लांब धरला आणि म्हणाली, “अरे, माझा सातचा गणपती तू पावणेआठला पाहिलास म्हणतोय हा. कसा?” मेसेज किती वाजता वाचला हे बघायला तिला मीच शिकवलं होतं.

मागच्या गुरुवारी नाना दारात उभे. “तुमचं कौतुक वाटतं हो. आजपासून आम्हीपण सात ते साडेआठ सगळं बंद ठेवणार. सूनबाईंनी फोन देवघरात नेऊन ठेवलेत, टीव्हीसुद्धा लावायचा नाही.” आम्ही त्यांचं अभिनंदन केलं, चहा दिला.

सातला तिसरी शिट्टी झाली. फोन तांदळात गेले. पाच डाव झाले, दहा झाले. आईवर दोन कोट चढले, मग तिने ते उतरवले, कसे ते विचारू नका. चिरंजीव म्हणाले, “साडेआठ झाले असतील.” आई म्हणाली, “नानांकडे शंख कुठे वाजलाय अजून?” कायदा म्हणजे कायदा. आमटी दोनदा गरम झाली. मी चौथ्यांदा पत्ते पिसत होतो, तेवढ्यात दार वाजलं.

नाना होते, चेहरा उतरलेला. “अहो, आज डबा उघडणार आहात की नाही? आमच्या घड्याळातला सेल कधीचा संपलाय. तुमचं झाकण वाजलं, की टीव्ही लावू म्हणून आम्ही सगळे केव्हाचे कान लावून बसलोय.”

बायकोने झाकण काढलं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.