माझ्या गाडीच्या मालकास अनावृत पत्र

श्री. नावावर-करून-घेतो साहेब यांस,
स. न. वि. वि.

आपण माझी स्कूटर रोख पैसे मोजून नेलीत, त्याला बराच काळ लोटला. जाताना ‘चार दिवसांत नावावर करून घेतो’ म्हणाला होतात. ते चार दिवस अजून चालू आहेत. आपली खुशाली मात्र मला ई-चलानच्या मेसेजमधून नियमित कळते. परवाच्या फोटोत पुढ्यात धाकटी उभी, मागे वहिनी, त्यांच्या पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी, आणि हेल्मेट आरशाला अडकवलेलं. घरात हेल्मेट आहे हे पाहून बरं वाटलं. दंड मी भरला. मेथीचे पैसे तरी आपणच दिले असतील, अशी आशा आहे.

नवरा-बायको फ्लॅट दोघांच्या नावावर घेतात, तशी ही स्कूटर आपली दोघांची, असं मी आता धरून चालतो. वाटणीही झालेलीच आहे: फिरायचं तुम्ही, निस्तरायचं मी. मोटार वाहन कायदा, 1988 म्हणतो की नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक. ‘कसेल त्याची जमीन’ हे कुळांच्या नशिबी होतं. ‘चालवील त्याची गाडी’ असं या कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच एक गाडी आली होती. ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकत गेली, पण आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं. अपघात झाला आणि भरपाई त्या पहिल्याच्या गळ्यात पडली. ‘मी कधीच विकली होती’ हे त्याचं म्हणणं खरं होतं, पण उपयोगाचं नव्हतं.

आपले थोरले चिरंजीव हल्ली क्लासला स्कूटरच नेतात म्हणे. नववीत ना? हुशार आहे पोरगा. 2019 च्या दुरुस्तीत कलम 199 अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी; 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. पालक तुम्ही, मालक मी. आत कोणी जायचं ते चहा घेता घेता ठरवू.

विम्याचं तर विचारूच नका. तो 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा होता. उद्या स्कूटर चोरीला गेली, तर कंपनी मला म्हणणार, ‘तुम्ही गाडी विकलीत, तुमचं काय गेलं?’ आणि तुम्हाला म्हणणार, ‘पॉलिसी तुमची कुठाय?’ दोघांनाही नकार देण्याइतका तर्क तिच्याकडे नक्की आहे.

टीटी फॉर्म, म्हणजे 29 आणि 30, मी सह्या करून आपल्या हातात दिले होते. विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तेही मी केलं, पोच कपाटात आहे. पण पोच कपाटात असली तरी नाव आरसीवरच आहे. घेणाऱ्याला 30 दिवस मिळतात. आपला एजंट तेव्हा गावी गेला होता. तिकडेच स्थायिक झालेला दिसतो.

माझंही वय झालं. मी गेल्यावर माझ्या मुलानं तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून, वारस असल्याचे कागद जोडून, कधी डोळ्यांनीही न पाहिलेली स्कूटर नावावर करून घ्यायची, आणि पुढची चलानं त्यानं भरायची. त्यापेक्षा 2021 पासून आरसीला नॉमिनी लावायची सोय झालीय, तिथे आपलंच नाव लावावं म्हणतो. आपल्याला एवीतेवी मी जाईपर्यंत थांबायचंच दिसतंय.

तोवर कागदोपत्री मालक या नात्यानं येत्या रविवारी सौ.ला घेऊन स्कूटरवरून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचा बेत आहे. शनिवारी रात्री टाकी भरून ठेवावी, मागच्या चाकाची हवा बघावी. पीयूसी संपलंय, तेही काढून घ्यावं. चलान नाहीतर मलाच येईल. हेल्मेट मी माझं आणीन. तुमचं आरशाला असू द्या.

आपला,
सहमालक

ता. क. वहिनींना सकाळी उठवू नका. दुसरी किल्ली माझ्याकडे आहे.