तेल कुणी घातलं?

आमच्या घरात जे अडेल त्याला तेल. दाराची बिजागरी, शिलाई मशीन, सायकलची चेन. एकदा तर भिंतीवरचं घड्याळसुद्धा. त्यामुळे आप्पांचा मराठी टाइपरायटर अडखळू लागला तेव्हा त्याचं भवितव्य ठरलेलंच होतं. या यंत्रावर आप्पांनी सोसायटीच्या सेक्रेटरींविरुद्ध तक्रारी टाइप केल्या. सेक्रेटरी बदलत गेले, मजकूर तोच राहिला.

माळ्यावरून खाली काढला तेव्हा त्याची तऱ्हा अशी : की दाबली की अक्षर उठायचं, रोलरपर्यंत जायचं आणि तिथंच मुक्काम ठोकायचं. शाई आणि रिबनचा भुसा पोटात गच्च बसल्यामुळे ब आणि व यांच्यातला भेदभाव संपला होता. रिबनची काळी बाजू झिजून गेलेली, लाल मात्र कोरी. ती आप्पांनी अंतिम सूचनेसाठी राखून ठेवली होती.

त्यात कॅरेज ओढणारी पट्टी तुटलेली. मराठी टाइपरायटरवर मात्रा मारली की कॅरेज जागचं हलत नाही, ही खास सवलत. आता ती क-पासून ज्ञ-पर्यंत सर्वांना लागू झाली आणि अख्खं वाक्य एकाच जागी एकावर एक बसू लागलं.

कोर्टाबाहेरच्या टायपिस्टांकडे चौकशी करून एक मेकॅनिककाका मिळाले. गोदरेजने पहिला भारतीय टाइपरायटर काढला १९५५ साली आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. तेव्हापासून काकांचं स्पेअर पार्टचं दुकान म्हणजे मेलेली यंत्रं. त्यांनी झाकण काढलं, आत बोट फिरवलं, वास घेतला.

"खोबरेल?"

कुणी बोलेना.

"तेल कुणी घातलं?"

आईनं पंख्याकडे पाहिलं. आप्पा कधी नव्हे ते पेपरातल्या टेंडर नोटिसा वाचू लागले.

"साहेब, या खाचा बघा," काका मला म्हणाले. "अक्षरांच्या दांड्या यात मोकळ्या हलायला हव्यात. इथं तेलाचा थेंबही नको. तेल धूळ धरतं, मग त्याची खळ होते."

शिवाय पुण्याच्या थंडीत खोबरेल थिजतं. डोक्याला लावायच्या वेळी बाटली उन्हात ठेवणाऱ्या घराला हे यंत्राच्या बाबतीत सुचू नये, याचं मला नवल वाटलं. पण आप्पांसमोर मी ते मोठ्यानं वाटून घेतलं नाही.

उपचार गॅलरीत झाले, कारण ते पेट्रोलचे होते. आईनं गॅस बंद केला, त्यामुळे चहाही बंद. काकांनी रोलर आधीच काढून बाजूला ठेवला. पेट्रोलनं रबर खराब होतं. मग जुन्या टूथब्रशनं खाचा धुतल्या. तळाशी घातलेल्या वर्तमानपत्रावर काळं पाणी गळत राहिलं. त्यानंतर अक्षरांची तोंडं घासली. आईनं मदतीला टाचणी आणली, ती काकांनी परत केली. ओरखडा पडला तर प्रत्येक कागदावर उमटत राहतो. तुटलेल्या पट्टीच्या जागी मासे धरायची जाड तंगूस आली. स्प्रिंगला ताण दिला, रोलर बसवला, नवी रिबन चढवली आणि ओळ संपायच्या जरा आधी घंटा खणखणली. आप्पांनी पेपर खाली ठेवला.

"टेस्ट म्हणून पावतीच मारतो," म्हणत काकांनी कागद चढवला. ब आणि व स्वच्छ वेगळे उमटले. आकडाही स्वच्छ उमटला. तो पाहून आप्पांना कंठ फुटला, "थोडं कमी करा की हो!"

"केलं असतं," काका कागद ओढून काढत म्हणाले, "पण आता टाइप झालंय."